ईस्ट हार्लेममधली शिशाची मोजणी

'यंग लॉर्ड्स' हे नाव ऐकून एखादा रॉक बँड वाटेल. पण ही होती न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधल्या प्यूर्टो रिकन पोरांची संघटना. बहुतेकजण विशीच्या आसपासचे. म्हणजे आपण कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय बांधायला शिकतो ते वय!

१९६९ च्या उन्हाळ्यात ही मंडळी क्रांती करायला वस्तीत उतरली आणि लोकांना विचारत सुटली, तुमची अडचण काय? उत्तर आलं, कचरा. मग आधी झाडू हातात घ्यावा लागला. असो.

खरी गोष्ट पुढेच आहे. वस्तीतल्या जुन्या चाळवजा इमारतींच्या भिंतींना शिसं असलेला रंग होता. न्यूयॉर्कने घरात असा रंग लावायला १९६० मध्येच बंदी घातली होती, पण भिंतीवरचे जुने थर कोण खरवडणार? पोपडे निघायचे, चवीला गोडसर लागायचे आणि लहान मुलं ते खायची. शिसं थेट मेंदूवर घाला घालतं.

तपासणीची किट्स महापालिकेकडे होती, ती नुसती पडून. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये या पोरांनी आरोग्य खात्याच्या ऑफिसात ठिय्या दिला आणि सुमारे २०० किट्स मिळवली. मग मेडिकलचे विद्यार्थी सोबत घेऊन दारोदार फिरून मुलांच्या लघवीचे नमुने गोळा केले. लघवीची ती टेस्ट तशी फार भरवशाची नव्हती, रक्ताची जास्त खात्रीची. पण त्याआधी या मुलांना मोजतंच कोण होतं? पेपरांत गाजावाजा झाला आणि १९७० मध्ये शहराने शिसे-विषबाधेसाठी वेगळा विभाग काढला.

टीबीची कथा तर मला त्याहून आवडते. एक्स-रेचा सरकारी ट्रक होता, पण तो फिरायचा लोक कामावर असताना. आता 'लोक तपासणीला येतच नाहीत' म्हणायला काय जातं? (आमच्याकडे अशी तिकिटं 'युजर एरर' लिहून बंद करतात.) यंग लॉर्ड्सनी आधी घरोघर टीबीच्या चाचण्या केल्या, आणि जून १९७० मध्ये चक्क तो ट्रकच पळवला! आतल्या तंत्रज्ञांनी काम चालू ठेवलं, दिवसभरात शेकडो लोकांचे एक्स-रे निघाले. शहराने नमतं घेतलं. ट्रक आठवड्याचे सातही दिवस, रोज १२ तास चालवायचं ठरलं. त्याला नाव दिलं रामोन एमेतेरिओ बेतान्सेस यांचं, १९ व्या शतकातले प्यूर्टो रिकन डॉक्टर आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक.