१,१६१ व्या पदाचा निकाल

हंगेरियन गणिती पॉल एर्डोश यांनी १९३० च्या दशकात मांडलेला एक प्रश्न शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. धन एक आणि ऋण एक एवढ्याच दोन संख्यांची मालिका लिहावी. तीतील प्रत्येक दुसरे, प्रत्येक तिसरे, किंबहुना कोणत्याही पटीतील पद आरंभापासून घेऊन बेरीज करीत जावे. आणि ती बेरीज ठरावीक मर्यादेबाहेर कोठेही जाऊ नये, ही अट पाळून मालिका कोठवर नेता येईल? मर्यादा कितीही वाढविली तरी अनंत मालिकेला ती पाळता येणार नाही, हे एर्डोश यांचे अनुमान. त्याच्या निकालासाठी त्यांनी ५०० डॉलरचे पारितोषिक ठेवले होते.

मर्यादा एकाची असेल, तर कागद-पेन्सिल पुरते. पहिले पद धन घेतले की बाकीची पदे अटीच ठरवितात : तिसरे ऋण, सहावे धन, नववे ऋण, बारावेही ऋण, आणि तिसऱ्याच्या पटीतील या चार पदांची बेरीज उणे दोन होऊन मालिका अकराव्या पदावरच संपते.

मर्यादा दोनाची होताच मात्र शक्यतांचा विस्तार मनुष्याच्या आवाक्याबाहेर जातो. २०१४ साली लिव्हरपूल विद्यापीठातील बोरिस कोनेव्ह व अलेक्सेइ लिसित्सा यांनी प्रत्येक पदाचे एक सत्य वा असत्य विधान केले, अटींचा सारा तपशील तर्कसूत्रांत बांधला आणि तो संगणकाच्या हवाली केला. एखादे विधान गृहीत धरावे, त्यातून जे अपरिहार्य ते स्वीकारावे, विसंगती आढळताच मागे फिरावे, ही पद्धत डेव्हिस, लॉगमन व लव्हलंड यांनी १९६२ मध्येच सिद्ध केली होती. विसंगतीच्या मुळाशी असलेली कारणे नव्या सूत्राच्या रूपाने दप्तरी नोंदवून तीच चूक पुन्हा न करण्याचे कसब तीत १९९० च्या दशकात आले. निकाल लागला : १,१६० पदांची मालिका आहे, १,१६१ पदांची नाही.

त्या नकाराचा पुरावा सुमारे १३ गिगाबाइटचा होता. जो कोणी वाचू शकत नाही तो पुरावा कसला, असा आक्षेप निघाला. मला तो मान्य नाही, कारण त्यातील पायरी न् पायरी दुसऱ्या स्वतंत्र प्रणालीकडून तपासून घेता येते, आणि दाखला खरा ठरण्यास तेवढे पुरेसे आहे. मात्र ‘का’ या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, आणि दोनापुढच्या मर्यादांविषयी तो मूकच होता. २०१५ मध्ये टेरेन्स ताओ यांनी सर्व मर्यादांसाठी एर्डोश यांचे अनुमान सिद्ध केले, तेही मनुष्याला वाचता येईल अशा एका निबंधात.