प्रसूतिसमयी होणारी हेळसांड आणि महिलांचे कायदेशीर अधिकार

तामिळनाडूत घरी होणाऱ्या प्रसूती आता जवळपास संपुष्टात आल्या आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील ९९.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत, तर सुमारे ४५ टक्के शस्त्रक्रियेद्वारे झाल्या. त्यामुळे प्रसूती कक्षात स्त्रीला मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंबाशी निगडित आहे. अपशब्द, मारहाण, संमतीविना उपचार, खासगीपणाचा भंग आणि देयक न भरल्यास रुग्णालयात अडकवून ठेवणे या प्रकारांकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या निवेदनात लक्ष वेधले होते.

स्वतंत्र कायदा नाही

व्हेनेझुएलाने २००७ मध्ये आणि अर्जेंटिनाने २००९ मध्ये अशा वर्तनाची व्याख्या कायद्यात केली. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. तामिळनाडूने २००८ मध्ये वैद्यकीय कर्मचारी व रुग्णालये यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. प्रसूत होणाऱ्या स्त्रीसाठी मात्र सर्वसाधारण कायद्यांचाच आधार आहे.

सोबतीणीची तरतूद

राज्यातील शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातील एका स्त्रीला सोबत राहू देण्याची योजना २००४ मध्ये सुरू झाली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये अशीच मुभा दिली आणि डिसेंबर २०१७ मधील ‘लक्ष्य’ उपक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा समावेश केला. या तरतुदी प्रशासकीय स्वरूपाच्या आहेत.

न्यायालयांचे निर्णय

तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेसाठीची संमती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले. जिवाला तत्काळ धोका असेल तरच याला अपवाद करता येतो. मातेच्या आरोग्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. चेन्नईतील एग्मोर येथील शासकीय महिला व बाल रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बालिकेच्या डोळ्यांची तपासणी न झाल्याने तिची दृष्टी गेली होती. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राज्य सरकार व डॉक्टरांना जबाबदार धरून सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली.

दाद कोठे मागावी?

वैद्यकीय आचारसंहितेनुसार (२००२) मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे रुग्णाला मिळाली पाहिजेत. शासकीय रुग्णालयाविरुद्ध चेन्नईतील राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते; त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. परंतु जेथे सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात, ती रुग्णालये १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. परिणामी गरीब महिलांसाठी हा मार्ग अनेकदा बंदच राहतो.

हे सर्व उपाय घटना घडून गेल्यानंतरचे आहेत. प्रत्यक्ष प्रसूती कक्षात स्त्रीच्या बाजूने बोलणारी आणि पुढे साक्ष देऊ शकणारी व्यक्ती म्हणजे तिची सोबतीण. त्यामुळे या तरतुदीच्या अंमलबजावणीला विशेष महत्त्व आहे.