बत्तीरची पाणीपाळी

आमच्या बारामती-इंदापूरकडे इस्रायल हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. एक, ठिबकच्या दुकानात. दुसरा, मशिदीत, जुम्याच्या नमाजनंतर पॅलेस्टाईनसाठी दुआ होते तेव्हा. दुकानातला इस्रायल म्हणजे वाळवंटात बाग फुलवणारा हुशार देश, मशिदीतला म्हणजे जालीम. डाळिंबाला ठिबक जोडून जुम्याला जाणारा आमचा शेतकरी दोघांनाही एकाच दिवशी भेटतो. या दोहोंच्या मधला इतिहास मात्र त्याला कोणी सांगत नाही. तो बराचसा पाण्याचा इतिहास आहे, आणि पाण्याचे भांडण आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

निरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो. पुरंदर, बारामती करत तो इंदापुरात येतो, म्हणून आवर्तन सुटले की वरच्यांची भरणी आधी आणि टेलच्या गावांनी वाट पाहायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीचे पाच टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचे ठरले, तेव्हा सोलापूरचे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात निर्णय रद्द झाला. इंदापूरकर नाराज झाले. पण दोन्हीकडे आमदार होते, मोर्चा काढता येत होता, आणि विहीर खोदायला कोणाला लष्कराची परवानगी मागावी लागत नव्हती.

वेस्ट बँकमध्ये ती मागावी लागते. १९६७ च्या युद्धात इस्रायलने हा प्रदेश जॉर्डनकडून घेतला आणि त्याच वर्षी लष्करी आदेश क्रमांक १५८ काढला. परवान्याशिवाय पाण्याचे नवे काम करायचे नाही, असा तो आदेश. पुढे १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारात, कलम ४० मध्ये, इस्रायलने पॅलेस्टिनींचा पाण्यावरचा हक्क मान्य केला. किती पाणी, हे मात्र अंतिम वाटाघाटींवर सोडले. करार होता पाच वर्षांच्या हंगामी काळासाठी. अंतिम करार आजवर झालेला नाही. पाण्याच्या कामांसाठी संयुक्त समिती नेमली, दोन्ही बाजूंची संमती हवी असे ठरले. कागदावर अगदी बरोबरी! पण चावी ज्याच्या हातात आहे त्याचा नकार आणि तहानलेल्याचा नकार एकसारखा नसतो.

आता एका गावाची गोष्ट. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला बत्तीर नावाचे पॅलेस्टिनी गाव आहे. डोंगरउतारावर दगडी बांधांची पायऱ्यापायऱ्यांची शेते, रोमन काळापासूनचा झरा, हौद आणि पाट. तिथली वांगी प्रसिद्ध आहेत. झऱ्याचे पाणी गावातल्या आठ घराण्यांत वाटले जाते, प्रत्येकाला एक दिवस. म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असतो, असे गंमतीने म्हणतात. हौदात खुणांची काठी उभी करून पाणी मोजायची पद्धत होती. आपल्या पाटकऱ्याला ती एका मिनिटात कळेल.

या गावाच्या पायथ्याने १८९२ साली सुरू झालेली याफा-जेरुसलेम रेल्वे जाते. १९४८ च्या युद्धात बहुतेक गावकरी पळाले. हसन मुस्तफा नावाचा शिकलेला गावकरी थोड्या लोकांसह मागे राहिला. गाव भरलेले दिसावे म्हणून त्यांनी रिकाम्या घरांत दिवे लावले, दोऱ्यांवर कपडे वाळत घातले. पुढे १९४९ मध्ये इस्रायल आणि जॉर्डनमध्ये युद्धबंदीची रेषा ठरली. रेल्वे इस्रायलकडे गेली आणि गावाची काही शेतेही रेषेपलीकडे गेली. तेव्हा एक वेगळाच समझोता झाला. गावाने रेल्वेला धक्का लागू द्यायचा नाही, आणि इस्रायलने गावकऱ्यांना पलीकडची शेते कसू द्यायची. शत्रुत्व संपले नव्हते, तरी दोघांनी शब्द पाळला. मला या समझोत्यात सगळ्या शांतता परिषदांपेक्षा जास्त शहाणपण दिसते, कारण तो सद्भावनेवर उभा नव्हता. एकाला आगगाडी सुरक्षित हवी होती, दुसऱ्याला शेत हवे होते. दुबळ्याच्या हातातही द्यायला काहीतरी होते. ओस्लोत पॅलेस्टिनींनी इस्रायलला मान्यता सुरुवातीलाच देऊन टाकली आणि जमीन, पाणी, जेरुसलेम, निर्वासित हे सगळे मागाहून बोलू म्हणून ठेवले. मग समोरच्याला बोलायची घाई कशाला?

२००२ पासून इस्रायलने भिंत बांधायला घेतली आणि तिचा मार्ग बत्तीरच्या शेतांमधून आखला. गाव कोर्टात गेले. विशेष म्हणजे रेषेपलीकडच्या त्सूर हदासा गावचे काही ज्यू शेजारी, इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनी लोकांनी मिळून चालवलेली इकोपीस ही संस्था, एवढेच नव्हे तर इस्रायलचे स्वतःचे निसर्ग प्राधिकरणही भिंतीच्या विरोधात उभे राहिले. २०१४ मध्ये युनेस्कोने बत्तीरला जागतिक वारसा म्हटले. २०१५ च्या जानेवारीत भिंतीचे काम कोर्टात अडले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मेली, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक. तो जुलूमच होता, आपल्या बाजूचा म्हणून त्याला दुसरे नाव देऊ नये. त्यानंतर गाझात हजारोंच्या संख्येने माणसे, मुले मारली गेली, पाणीसुद्धा तोडले गेले. त्याच महिन्यात शरद पवार पॅलेस्टिनींच्या बाजूने बोलले, तेव्हा त्यांच्यावर मोठी टीका झाली. टीकाकारांना बहुधा आठवत नसावे की १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत देणाऱ्या १३ देशांत भारत होता.

जग गाझाकडे पाहत असताना, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, इस्रायल सरकारने नहाल हेलेत्झ या नव्या वसाहतीसाठी सुमारे दीडशे एकर जमीन ठरवून दिली. ही जमीन बत्तीरच्या वारसा क्षेत्रात येते. १९४९ मध्ये गावाकडे निदान आगगाडीची सुरक्षितता होती. आता त्याच्याकडे युनेस्कोचा कागद आहे, आणि पूर्वी कोर्टात सोबत उभे राहिलेले शेजारी.