छायाचित्रातील ‘लेन्स फ्लेअर’ : कारणे, दुरुस्तीच्या पद्धती आणि मर्यादा

सूर्य, रस्त्यावरचा दिवा किंवा सणासुदीची रोषणाई असा प्रखर प्रकाशस्रोत कॅमेऱ्यासमोर आला की छायाचित्रावर पांढुरका पडदा, रंगीत वर्तुळे किंवा हिरवे ठिपके उमटतात. छायाचित्रणाच्या परिभाषेत या दोषाला ‘लेन्स फ्लेअर’ म्हणतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरद्वारे हा दोष बऱ्याच अंशी दूर करता येतो. मात्र, तो दूर करताना छायाचित्रातील दडलेला तपशील वर आणला जातो, की मुळात नसलेला तपशील तेथे भरला जातो, हा भेद महत्त्वाचा आहे. घरगुती छायाचित्रात तो फारसा जाणवत नाही. वृत्तछायाचित्रात आणि न्यायालयीन पुराव्यात मात्र तोच निर्णायक ठरतो.

फ्लेअर का निर्माण होतो?

कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकामागे एक अनेक भिंगे असतात. विशेष लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. सुटी १० भिंगे असलेल्या लेन्समध्ये असे २० पृष्ठभाग असतात. लेप नसेल तर त्यातून जेमतेम ४४ टक्के प्रकाश सरळ पार होईल. उरलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागांमध्ये उलटसुलट परावर्तित होत अखेर सेन्सरवर पोहोचतो. २० पृष्ठभागांच्या १९० जोड्या होतात आणि त्यातील प्रत्येक जोडी एक वेगळे प्रतिबिंब निर्माण करू शकते.

हे परावर्तन रोखण्यासाठी भिंगांवर अतिशय पातळ पारदर्शक लेप चढवण्याचे तंत्र जर्मनीतील कार्ल झाइस कंपनीचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केले. आजच्या बहुस्तरीय लेपांमुळे परावर्तनाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. तरीही सूर्यबिंब भोवतालच्या दृश्यापेक्षा काही लाख पटींनी तेजस्वी असल्याने त्याच्या प्रकाशाचा अत्यल्प अंशसुद्धा छायाचित्रात स्पष्ट दिसतो.

फ्लेअरचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात प्रकाश संपूर्ण चौकटीवर विखुरतो; काळा रंग करडा दिसू लागतो आणि चित्र धुक्यातून टिपल्यासारखे फिकट होते. लेन्सवरील बोटांचे ठसे आणि धूळ यांमुळे हा परिणाम वाढतो. दुसऱ्या प्रकारात ठरावीक जागी वर्तुळे, बहुकोन किंवा ठिपके उमटतात. त्यांना ‘घोस्ट’ म्हणतात. बहुकोनी घोस्टचा आकार लेन्समधील छिद्राच्या पात्यांवरून ठरतो.

मोबाइलमधील हिरवे ठिपके

रात्रीच्या रोषणाईच्या छायाचित्रांत, उदाहरणार्थ अमृतसरचे सुवर्णमंदिर किंवा मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत टिपताना, काळ्या आकाशात अनेकदा हिरवट ठिपक्यांची रांग दिसते. सेन्सर आणि त्याच्या पुढील काचा यांच्यातील परावर्तनातून ती निर्माण होते. हे ठिपके ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दिवा चौकटीच्या वरच्या डाव्या भागात असेल, तर ठिपका मध्यबिंदूपासून तितक्याच अंतरावर खालच्या उजव्या भागात सापडतो. दिव्यांची संपूर्ण रांग अशा प्रकारे उलटी होऊन उमटते.

ही खूण अफवांची शहानिशा करतानाही उपयोगी पडते. ‘आकाशात दोन सूर्य’ किंवा ‘अज्ञात उडती वस्तू’ अशा दाव्यांसह समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या काही छायाचित्रांमागे घोस्टच असतो. प्रखर प्रकाशस्रोतापासून मध्यबिंदूतून रेषा ओढल्यास संशयित ठिपका त्याच रेषेवर येत असेल, तर तो लेन्सचा दोष असण्याची शक्यता मोठी असते.

दुरुस्तीचा क्रम

फ्लेअर म्हणजे मूळ दृश्यावर चढलेला जादा प्रकाश. त्याच्याखालचा तपशील बहुतेक वेळा शिल्लक असतो. म्हणून प्रथम जादा प्रकाश उतरवावा आणि जेथे खाली काहीच उरलेले नाही, तेथेच नवा भाग भरावा. मूळ फाइलची प्रत काढून प्रतीवरच काम करावे. शक्य असल्यास रॉ स्वरूपातील फाइल वापरावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. साहजिकच दबलेला तपशील वर काढण्यास तेथे अधिक वाव मिळतो.

१. पांढुरका पडदा : लाइटरूम किंवा फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमधील ‘डीहेझ’ ही पट्टी हळूहळू वाढवावी. डार्कटेबल या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही धुके कमी करण्याची स्वतंत्र सोय आहे. अशी सोय नसेल तर ‘कर्व्हज’मध्ये काळ्या रंगाचा बिंदू आत सरकवल्यास करडा झालेला काळा रंग पुन्हा गडद होतो. पडदा चौकटीच्या एकाच बाजूला असल्यास मास्क वापरून बदल त्या भागापुरता ठेवावा. अन्यथा निर्दोष भाग नको तितका गडद होतो.

२. रंगीत डाग : चेहरा, कपडे किंवा भिंत यांवर पडलेला रंगीत डाग थेट पुसू नये. फोटोशॉपमध्ये नवा रिकामा लेयर घेऊन त्याचा मोड ‘कलर’ करावा. शेजारच्या स्वच्छ भागातील रंग आयड्रॉपरने उचलावा आणि मऊ कडांच्या ब्रशने डागावर फिरवावा. या मोडमध्ये रंग बदलतो. प्रकाशाची पातळी तशीच राहत असल्याने त्वचेचा किंवा कापडाचा पोत टिकतो. त्यानंतरही डाग उजळ दिसत असेल, तर मास्क लावलेल्या कर्व्हजने तेवढाच भाग किंचित गडद करावा. गिंप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही लेयरचे मोड बदलून हीच पद्धत वापरता येते.

३. लहान ठिपके : मोकळ्या आकाशातील किंवा एकसारख्या पार्श्वभूमीवरील ठिपक्यांसाठी ‘हीलिंग ब्रश’ पुरेसा असतो. तो दुसऱ्या जागेचा पोत उचलतो आणि नव्या जागेच्या रंगछटेशी जुळवून घेतो. ठिपका इमारतीच्या कडेवर, तारेवर किंवा कमानीवर असेल, तर हीलिंगमुळे कड फासल्यासारखी होते. तेथे जसेच्या तसे उचलून ठेवणारे ‘क्लोन स्टॅम्प’ वापरणे अधिक योग्य ठरते. मोबाइलवर स्नॅपसीडमधील ‘हीलिंग’, गूगल फोटोजमधील ‘मॅजिक इरेझर’ आणि आयओएस १८.१ पासून पात्र आयफोनमध्ये आलेले ‘क्लीन अप’ ही साधने उपलब्ध आहेत.

४. पूर्ण पांढरा झालेला भाग : सेन्सरची क्षमता ओलांडून पांढराफटक झालेल्या भागात तपशील उरतच नाही. डीहेझ किंवा कर्व्हजने तेथे केवळ करडा डाग मिळतो. अशा वेळी छायाचित्र कातरणे हा प्रामाणिक पर्याय होय. ‘कंटेंट अवेअर फिल’ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित ‘जनरेटिव्ह फिल’ ती जागा सफाईने भरते. परंतु भरलेला भाग हा सॉफ्टवेअरने केलेला अंदाज असतो, कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य नसते.

काम संपल्यावर छायाचित्र १०० टक्के आकारात तपासावे. एकाच ढगाची किंवा विटेची पुनरावृत्ती, आजूबाजूला बारीक कण असताना मध्येच दिसणारा गुळगुळीत पट्टा आणि प्रकाशस्रोताभोवतीची काळपट कड या घाईने केलेल्या दुरुस्तीच्या ठळक खुणा आहेत.

मर्यादा कोणत्या?

वृत्तसंस्थांचे नियम याबाबत कडक आहेत. असोसिएटेड प्रेसच्या छायाचित्रविषयक संहितेनुसार कातरणे, प्रकाश व रंगांचे सर्वसाधारण संतुलन साधणे आणि सेन्सरवरील धुळीचे डाग काढणे ग्राह्य आहे. आशयात कोणताही बदल करण्यास मनाई आहे. सीरियातील संघर्षाच्या एका छायाचित्राच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा दिसत होता. तो क्लोन करून पुसल्याचे उघड झाल्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये या संस्थेने पुलित्झर विजेत्या चमूतील छायाचित्रकार नार्सिसो काँट्रेरास यांच्याशी संबंध तोडले. पुसलेल्या वस्तूचा बातमीशी थेट संबंध नव्हता, तरीही ही कारवाई झाली. फ्लेअर हा दृश्याचा भाग नसला तरी तो पुसताना त्याच्याखालचे दृश्य बदलते. त्यामुळे वृत्तछायाचित्रात पडदा कमी करण्यापुरते संतुलन साधावे. क्लोन, हीलिंग आणि जनरेटिव्ह फिल टाळावे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

पुराव्याच्या बाबतीत तर मूळ फाइलला हातच लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करण्याची तरतूद आहे. फाइलमध्ये एका बिंदूचा बदल झाला तरी हे मूल्य बदलते. अपघात, विमा किंवा पोलिस तक्रारीसाठी काढलेल्या छायाचित्रात फ्लेअर असल्यास मूळ फाइल तशीच जपावी. सुधारित प्रत आवश्यक वाटल्यास ती स्वतंत्र ठेवून तिच्यात केलेले बदल लिहून ठेवावेत.

छायाचित्र घेतानाची दक्षता

यातील बरेचसे श्रम आधीच वाचवता येतात. लेन्स स्वच्छ मऊ कापडाने पुसावी, कॅमेऱ्याला लेन्स हूड लावावा आणि रात्री लेन्सपुढील संरक्षक फिल्टर काढून ठेवावा. प्रकाशस्रोत चौकटीच्या किंचित बाहेर असेल, तर तळहाताची सावली लेन्सवर धरणे पुरेसे ठरते. मोबाइलमध्ये ठिपका पडद्यावर आधीच दिसतो. फोन थोडा कलता केल्यास तो सरकतो. महत्त्वाच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावरून तो बाजूला नेऊन मगच बटण दाबावे. कॅमेरा तिवईवर असेल तर दुसरे छायाचित्र प्रकाशस्रोत बोटाने झाकून घ्यावे. नंतर दोन्ही एकावर एक ठेवून फ्लेअरच्या जागी दुसऱ्यातील स्वच्छ भाग मास्कद्वारे घेता येतो. वृत्तछायाचित्रात अशी जोडणीही चालत नाही. इतरत्र मात्र भरलेला प्रत्येक तपशील त्याच जागेवरचा आणि त्याच वेळेचा असतो.