किती पटीची दुर्बीण?

बंदुकीची माशी सोडून शिकारी दुर्बिणीकडे वळला, हा इतिहास मला यंत्रापेक्षा विवेकाचा वाटतो. व्हिएन्नाच्या काहलेस कारखान्याने 1900 साली रायफलीवरची 'टेलोरार' दुर्बीण बाजारात आणली. अमेरिकेत विल्यम वीव्हर यांनी 1930 मध्ये 19 डॉलरांची दुर्बीण काढली आणि ती सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आली. जनावर ती जेमतेम तिप्पट मोठे दाखवी. दीडदोनशे वारांवरच्या हरणाला तेवढे पुरे.

पट वाढली की नजरेचा आवाका आकसतो, हाताचा कंपही मोठा दिसतो. उजेडाचा हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागावे. 42 मिलिमीटरच्या भिंगातून 6 पटीला 7 मिलिमीटर रुंद प्रकाश डोळ्याशी येतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच विस्फारते. 12 पटीला तो साडेतीनच उरतो. म्हणून सांजवेळी टपून बसणारे जर्मन शिकारी 6 पट किंवा 56 मिलिमीटर भिंगाची 8 पट पसंत करीत.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. तरीही आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी घरोघर रंगतात, म्हणून हे लिहिले. मोठ्या पटीच्या मोहात नेम हुकला, तर जखमी जनावर रात्रभर रानात तडफडते. चांगली दुर्बीण तीच, जिच्यातून पाहून बार न टाकण्याचेही वेळेवर ठरवता येते.