परका मुलूख, ओळखीची माती

आमच्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. अंगावर लाल पट्टे म्हणून तो वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकनाचा मानही मिळालेला आहे. 'हा कुठला?' असे कोणा शेतकऱ्याला विचारावे, तर 'हितलाच की!' असे उत्तर येते, आणि त्यात खोटे काही नाही. तरी वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात पाहाल तर घेवड्याच्या या कुळाचे माहेर अमेरिका खंडात, मेक्सिको आणि अँडीज पर्वताच्या बाजूला निघते. मिरची, मका, टोमॅटो हीही तिकडचीच मंडळी. दसरा-दिवाळीला ज्याच्यावाचून आपले दार सुने वाटते तो झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांचा सण येतो, आणि घरोघर याच केशरी फुलांच्या राशी पडतात.

तेव्हा परक्या मुलुखातून येऊन इथलेच झालेले पाहुणे आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहेत. मी आज सांगणार आहे तो प्रवास मात्र उलट दिशेचा आहे. एक मराठी माणूस मेक्सिकोत गेला, तिथली भाषा शिकला आणि तिथल्या मातीत तीसएक वर्षे राबला. ते म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे वर्ध्याचे. टिळकांच्या राजकारणाने भारावलेला हा तरुण जपानमार्गे अमेरिकेला पोहोचला. तिथे त्याने शेतीशास्त्राचा अभ्यास केला आणि त्याच वेळी गदर चळवळीचा पायाही घातला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांविरुद्ध लढत तो इराणच्या रणात हिंडला. युद्ध संपले, बेत फसले, आणि इंग्रज सरकारच्या काळ्या यादीतले नाव मात्र कायम राहिले. उजळ माथ्याने मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. अशा स्थितीत १९२४ साली ते मेक्सिकोत उतरले. ओळख थोडी, भाषा नवी आणि वय चाळिशीला टेकलेले.

त्यांच्याआधी मानवेंद्रनाथ रॉय तिथे येऊन गेले होते. १९१७ ते १९१९ या काळात तेही स्पॅनिश शिकले, त्या भाषेत त्यांनी ग्रंथ लिहिले, राजकारण केले आणि ते पुढे निघून गेले. सभेची भाषा शिकण्याचा तो मार्ग होता. खानखोजे यांच्या वाट्याला आली ती शेताची आणि वर्गाची भाषा. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले.

मराठी माणसाला स्पॅनिश किती अवघड? उच्चारापुरते बोलायचे तर इंग्रजीहून सोपी. तिचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून म्हणायचे. शब्द लिहावा तसा बहुधा वाचता येतो. नामांना लिंग असते याचे इंग्रज विद्यार्थ्याला जे भय वाटते, ते तीन लिंगे पाठीवर घेऊन वाढलेल्या मराठी पोराला कशाला वाटेल? 'तू' हा शब्द तर तिथेही 'तू'च. आणि वडीलधाऱ्यांसाठी, परक्यांसाठी निराळा आदराचा शब्द. पगार, पाव, चावी हे आपले शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. म्हणजे नात्याने ते स्पॅनिशचे मावसभाऊच. फक्त 'ज'ची गंमत आहे. रोमन लिपीतल्या त्या अक्षराचा स्पॅनिश माणूस 'ह' करतो. त्यामुळे खानखोजे हे आडनाव तो वाचायला लागला की 'खानखोहे' असे काहीतरी व्हायचे!

खरी अडचण मला दिसते ती दुसरीकडे. आपण 'मी मराठी आहे' म्हणतो आणि 'मी बाजारात आहे' असेही म्हणतो; एकाच 'आहे'वर दोन्ही भागते. स्पॅनिशमध्ये तसे चालत नाही. माणूस मुळात कोण आहे हे सांगायला एक क्रियापद, 'सेर'. आणि तो सध्या कुठे व कसा आहे हे सांगायला दुसरे, 'एस्तार'. देशाबाहेर अडकून पडलेल्या माणसाला हे व्याकरण रोज काय सांगत असेल! मी हिंदी आहे, हा एक 'आहे'. मी मेक्सिकोत आहे, हा दुसरा. त्यातही स्वतःला 'इंदियो' म्हणावे, तर त्याचा अर्थ तिथला आदिवासी. कोलंबसाच्या घोटाळ्याची ती मिरासदारी. म्हणून हिंदुस्थानच्या माणसाला, त्याचा धर्म कोणताही असो, तिकडे 'हिंदू' म्हणायचा प्रघात पडला.

रोजच्या जेवणात मात्र परकेपणा कमी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, तो पाट्यासारख्या दगडावर वाटायचा आणि तव्यावर पातळ तोर्तिया भाजायची. तिच्याबरोबर शिजवलेला घेवडा आणि खलबत्त्यात कुटलेली मिरची. भाकरी, उसळ आणि ठेच्यावर वाढलेल्या माणसाला या ताटाची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही.

खानखोजे यांनी याच मक्यावर संशोधन केले. त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिंतेशी, संकर करून पाहिले, गव्हाची वाणे तपासली. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांनी सुरू केलेल्या मोफत शेतीशाळांचे काम. ज्या शेतकऱ्याला विद्यालयाची पायरी चढता येत नाही त्याच्याकडे शाळाच न्यायची. अशा ठिकाणी पुस्तकी भाषा कामाची नसते. बियाणे, पाऊस, कीड, कर्ज यांचे त्याच्या तोंडचे शब्द यावे लागतात, आणि ते शेताच्या बांधावरच मिळतात. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची भाकर' हे चित्र काढले. त्यात पंगतीच्या मुख्य जागी बसून भाकर वाटणारा माणूस आहे, त्याला चेहरा दिला तो खानखोजे यांचा.

१९३६ साली जाँ सिंदिक या बेल्जियन महिलेशी त्यांचे लग्न झाले. सावित्री आणि माया या मुली मेक्सिकोत वाढल्या. देश स्वतंत्र झाल्यावर मायदेशी येताना जुन्या काळ्या यादीने त्यांना पुन्हा अडवले, ही इतिहासाची क्रूर थट्टा. अखेर ते नागपूरला येऊन स्थिरावले आणि १९६७ च्या जानेवारीत तिथेच वारले. त्याच सुमारास 'लर्मा रोहो' आणि 'सोनोरा' हे स्पॅनिश नावांचे मेक्सिकन गहू हिंदुस्थानच्या शेतांत पिकू लागले होते.

२०२२ साली चापिंगोत खानखोजे यांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडे वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र मराठीत आणले, म्हणून निदान वाचणाऱ्यांना तरी हे नाव ठाऊक आहे. यंदा दाराला झेंडूचे तोरण बांधाल तेव्हा घरातल्या मुलांना त्या फुलाचा मूळ गाव सांगा, आणि त्या गावाची बोली शिकून तिथल्या शेतकऱ्याला शेती शिकवणाऱ्या वर्ध्याच्या माणसाचे नावही सांगा.