सीमाभागातील उर्दूभाषक मुस्लिम आणि संवादाचा प्रश्न

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाचा इतिहास बहुधा मराठी व कन्नड या दोनच पक्षांचा म्हणून लिहिला जातो. निपाणी-बेळगाव पट्ट्यातील उर्दूभाषक मुस्लिमांना मात्र दोन बहुसंख्याकांशी बोलावे लागले. बाजारपेठेची भाषा मराठी, तर सरकारी कचेरीची कन्नड.

या संवादाचा पाया जुना आहे. पहिल्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात (1534-1558) महसुली हिशेबात फारसीच्या जागी देशी भाषा आली. फारसी-मराठी अशा दुभाषिक कागदांची परंपरा त्या राजवटीत रुळली. अर्ज, जमीन, तालुका, जिल्हा हे शब्द आज उर्दू, मराठी व कन्नड या तिन्ही भाषांत थोड्याफार फरकाने वापरले जातात. अर्थात, अर्ज हा शब्द समान असला तरी अर्जाचे उत्तर कोणत्या भाषेत मिळणार, हा वाद उरतोच.

त्यासाठी काही निकष ठरले होते. 1949 च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत 40 किंवा वर्गात 10 विद्यार्थी असल्यास प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे मान्य केले. 1956 मध्ये घटनेत 350-अ व 350-ब ही कलमे आली. हे निकष उर्दू आणि मराठी, दोघांनाही सारखेच लागू होते.

तरीही दोन्ही समाज एका बाजूला दिसले ते 1980 च्या दशकात. माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, या गोकाक समितीच्या शिफारशीला उर्दू व मराठी भाषकांनी विरोध केला. 1989 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. परंतु न्यायालयाच्या निकालाने मने जुळत नाहीत. ऑक्टोबर 1994 मध्ये बंगळूर दूरदर्शनवरील अवघ्या दहा मिनिटांच्या उर्दू बातम्यांवरून दंगल उसळली व त्यात अनेकांचे बळी गेले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. मातृभाषेचा हक्क आणि राज्यभाषेवरील प्रभुत्व या परस्परविरोधी बाबी नाहीत. हक्क मिळाला पण कन्नड आली नाही, तर उर्दू शाळेतील विद्यार्थी कचेरीच्या दारात मुकाच राहील. दुसरीकडे, बहुसंख्याकांनी ऐकण्याची तयारी दाखवली नाही, तर त्याने शिकलेली कन्नडही अपुरी पडेल. सीमाभागातील महाविद्यालयीन अध्यापकांपुढील खरे काम या दोन टोकांच्या मध्ये आहे.